लाल शर्टाचे पेढे

अमेरिकेतली शिक्षणव्यवस्था अमेरिकेतल्या लोकांना कळलेली असो वा नसो, आमच्या मामासासऱ्यांना ती संपूर्ण कळलेली आहे, आणि ती समजावून सांगितल्याशिवाय ते कोणालाही ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरमातल्या आपल्या घरातून बाहेर पडू देत नाहीत. गॅसचं सिलिंडर आणणारा, कुरिअरवाला, निवडणुकीच्या प्रचाराला आलेले कार्यकर्ते, सगळे त्यातून गेले आहेत. कार्यकर्ते तर मत न मागताच परतले होते. मी एकदा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. परत आले तेव्हा अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या आणि चार वर्षांच्या कॉलेजांमधला फरक मला तोंडपाठ झाला होता आणि विरजण तिथेच ओट्यावर राहिलं होतं. मामा स्वतः अमेरिकेला कधी गेलेले नाहीत. पश्चिमेला त्यांची मजल नाशिकपर्यंत, तीही एका लग्नासाठी, आणि तिथलं पाणी त्यांना मानवलं नव्हतं.

या विद्वत्तेचं मूळ म्हणजे त्यांचा नातू ओंकार. मामांची एकुलती एक मुलगी अमेरिकेत असते, ओंकार तिचा मुलगा. तो डावखुरा आहे आणि बेसबॉल खेळतो, म्हणजे बॅटवाल्याकडे चेंडू फेकायचं काम करतो. त्याला पिचर म्हणतात. मामी अजूनही ‘पिक्चर’ म्हणतात, त्यामुळे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बऱ्याच मराठी घरांत ओंकार सिनेमात आहे असा समज आहे. शाळा संपली तेव्हा बेसबॉलसाठी म्हणून एकाही विद्यापीठाने त्याला घेतलं नाही. मग तो एका ज्युनिअर कॉलेजात गेला. तिकडची पद्धत अशी की, अशा कॉलेजात दोन वर्षं शिकायचं आणि खेळायचं. चमकलात तर चार वर्षांचं मोठं कॉलेज तुम्हाला पुढच्या वर्षांसाठी घेतं, आणि फारच चमकलात तर धंदेवाईक संघ थेट उचलतो. कॉलेज होतं मक्याच्या शेतांमधल्या एका गावात. मामांच्या मते ते अमेरिकेतलं मुरैना, फक्त मोहरीच्या जागी मका.

सुरुवातीला मामांना या व्यवस्थेतला एकच शब्द कळला आणि त्याने त्यांची झोप उडाली. मुलीने फोनवर सांगितलं होतं की, दोन वर्षांनी ओंकारची ट्रान्सफर होईल. मामांची सारी हयात मध्य प्रदेशच्या वीज खात्यात गेलेली. ट्रान्सफर म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. ट्रान्सफर म्हणजे भिंड, ट्रान्सफर म्हणजे श्योपूर, ट्रान्सफर म्हणजे मुलीची शाळा अर्धवट आणि बायको माहेरी. ती रुकवायची असते, त्यासाठी भोपाळला माणूस लागतो. तिकडे भोपाळसारखं काय आहे, असं त्यांनी मुलीला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. तिकडे लोक ट्रान्सफर व्हावी म्हणून जिवाचं रान करतात, हे मामांच्या गळी उतरायला बरेच महिने गेले. एकदा उतरलं मात्र, आणि मग त्यांनी आपल्या साऱ्या नोकरीचाच फेरविचार केला. श्योपूरच्या बदलीबद्दल ते आता जरा आदराने बोलतात.

पण मामांचं नाव ग्वाल्हेरभर झालं ते लाल शर्टामुळे.

पहिल्याच वर्षी एका सकाळी मुलीचा फोन आला. आवाज तुटत होता. तिने सांगितलं की, ओंकारला कोचने रेडशर्ट केलंय. बाकीचं वाक्य समुद्रात पडलं. दुसऱ्या कुठल्या माणसाने पुन्हा फोन लावून अर्थ विचारला असता. पण मामांचे पणजोबा दरबारात कारभारी होते आणि त्यांना एका दसऱ्याला मानाचा पोशाख मिळाला होता. तो पोशाख आता उरलेला नाही, पण त्याची कथा आहे. ती मी लग्न होऊन सांगलीहून इथे आले त्याच आठवड्यात ऐकली आणि त्यानंतर दर दसऱ्याला ऐकते. तेव्हा रेडशर्ट म्हटल्याबरोबर मामांच्या डोळ्यांपुढे लाल भरजरी अंगरखा उभा राहिला आणि अंगरख्यात ओंकार. “आमच्या घरात पणजोबांच्यानंतर पोशाख कुणाला भेटलाच नव्हता,” असं सांगत ते पेढे घेऊन फूलबागेत गेले. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांची एक मंडळी आहे. तिचे अध्यक्ष म्हणजे शर्माजी, निवृत्त वकील. शर्माजींनी दोन पेढे खाल्ले, मामांना मिठी मारली आणि परदेशात आपल्या मुलांची कशी कदर होते यावर भाषण केलं. आमच्याकडेही पेढे आले. मी देवापुढे ठेवले.

खुलासा दोन दिवसांनी झाला. रेडशर्ट करणं म्हणजे त्या वर्षी सामन्यात न खेळवणं. खेळाडू संघातच राहतो, रोज सरावाला येतो, घाम गाळतो, पण सामन्याच्या वेळी बसून राहतो. कॉलेजात खेळायची वर्षं ठरलेली असतात, त्यातलं ते वर्ष त्याच्या खात्यात शिल्लक राहतं, एवढाच फायदा. मामांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं की, निदान शर्ट तरी लाल असतो ना. मुलगी म्हणाली की, शर्टही नसतो, बाबा, नुसतं म्हणायचं असतं.

एखादा माणूस फूलबागेत जायचा बंद झाला असता. मामा दुसऱ्या दिवशी गेले आणि त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं, वर हेही सांगितलं की, पेढे परत मागणार नाही. तेव्हापासून ‘लाल शर्ट’ हा त्या मंडळींचा शब्द झाला. कोणाच्या मुलाने न विचारता गाडी घेतली की बापाला लाल शर्ट मिळाला. नातवाच्या शाळेच्या कार्यक्रमाला जागा नव्हती म्हणून आजोबांना घरी ठेवलं, लाल शर्ट. शर्माजींचा मुलगा आता त्यांची वकिली चालवतो आणि अशिलांसमोर त्यांना आतल्या खोलीत बसवतो. एका सकाळी बाकावर टेकत शर्माजी म्हणाले, “भाऊसाहब, रोज़ प्रैक्टिस पर आते हैं, मैच में कोई बुलाता नहीं.” सगळे हसले. मामा सगळ्यांत जास्त हसले.

महाराष्ट्रातल्या पाहुण्यांपुढे मामांची वेगळीच पंचाईत होते. दौलतगंजात आमच्या नात्यातली एक मुंज होती, तिथे पंगतीत त्यांच्या शेजारी बटूची पुण्याची मावशी बसली होती. पानं वाढून झाल्यावर मामांनी तिला बेसबॉल शिकवायला घेतला. त्यांचा शोध असा की, आपलं ताट म्हणजे बेसबॉलचं मैदान आहे. खाली वरणभाताची मूद, तिथे बॅटवाला उभा. उजवीकडे बटाट्याची भाजी हा पहिला बेस, वर मध्यभागी मीठ हा दुसरा, डावीकडे कोशिंबीर हा तिसरा, आणि बरोबर मधोमध जिलबी, म्हणजे ओंकार. ज्याने पहिल्यांदा ताट वाढलं त्याला हा खेळ माहीत असला पाहिजे, असं त्यांचं ठाम मत आहे. ते मटाराचा एक दाणा पळवत मिठापर्यंत पोचले होते, तेवढ्यात वाढप्याने मुदीवर आमटी ओतली आणि मावशीने जिलबी खाऊन टाकली.

मावशीने सौजन्य म्हणून विचारलं की, नातू शिकतो कुठे. मामा अभिमानाने म्हणाले, ज्युनिअर कॉलेजात. वय किती? वीस होईल आता. मावशीचा घास हातातच राहिला. महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, आणि विसाव्या वर्षी तिथे असणारा मुलगा काय वकुबाचा हे सांगायची गरज नसते. खरं तर मी सांगलीची, मलाही प्रथम ऐकलं तेव्हा त्या मुलाची काळजीच वाटली होती. मावशीने आवाज खाली आणला, मामांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली की, मनाला लावून घेऊ नका, हल्ली सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. मामांना सतरा नंबर कळेना. मी मध्ये पडून सांगितलं की, बाहेरून बारावीला बसणारे तो भरतात. त्यावर मामा शांतपणे म्हणाले, “बहन, आमच्या ग्वाल्हेरात ज्युनिअर कॉलेज होतच नाही, हायर सेकंडरी होते. ज्युनिअर कॉलेज एक तर तुमच्या महाराष्ट्रात आहे, नाही तर अमेरिकेत. त्यातलं आमच्या नातवाचं अमेरिकेतलं आहे.” तरी मावशीने जाताना मामींना एका क्लासचा फोन नंबर दिलाच.

हे सगळं ऐकून मामांना नातवाचं खूळ लागलंय असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. मग एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना ते मला म्हणाले की, त्यांच्या भावांमध्ये त्यांना ‘सप्लीमेंट्रीवाला’ म्हणायचे. बी. एस्सी.ला एका विषयात राहिले, सप्लीमेंट्रीला, म्हणजे फेरपरीक्षेला, बसून पास झाले, तोवर इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची दारं बंद झाली होती. मग वीज खात्यात सगळ्यांत खालच्या पायरीवर चिकटले. दोघे भाऊ इंजिनीअर झाले. घरात कोणी काही बोललं नाही, पण पंगतीला बसताना त्यांचं पान कायम टोकाला असायचं. “बेटा, तिकडे सप्लीमेंट्रीवाल्यांसाठी पूरं कॉलेज बनवून ठेवलं आहे,” ते म्हणाले, “ग्राउंडच्या सहित. पहिल्या झटक्यात जो राहून गेला त्याला म्हणतात, ये, दोन साल इथे रुक, मग बघू.” आणि ते पुन्हा पापड सारखे करू लागले. त्या दिवशी मला कळलं की, ओंकारला चार वर्षांच्या कॉलेजने घ्यावं ही त्या माणसाची या जगात उरलेली एकमेव इच्छा आहे.

दुसऱ्या वर्षी ओंकार खेळला आणि फूलबाग बिघडली. तिथली संध्याकाळ ती आपली पहाट. मामा उजाडायच्या आधी उठून मोबाइलवर सामना लावायचे आणि उरलेला अर्धा फूलबागेत मंडळींना दाखवायचे. चालणं बंद पडलं. डॉक्टरांनी ज्यांना रोज चार चकरा सांगितल्या होत्या ते सगळे एका बाकाभोवती गोळा होऊन सहा इंची पडद्यात डोळे खुपसून बसायचे. संघातल्या पोरांनी ओंकारचं नाव कापून ‘ओके’ करून टाकलं होतं. त्यामुळे तिकडचा निवेदक सवयीने प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘ओके’ म्हणाला की मामा बोट वर करायचे, “बघ, त्याचंच नाव घेऊन राहिला आहे.” ओंकार खेळत नसला तरी त्याचं नाव चालूच असायचं. शर्माजी म्हणायचे की, आपल्या नातवाचं नाव घेतल्याशिवाय अमेरिकेत कोणी तोंडच उघडत नाही.

पण पोरगा खरंच चांगला टाकत होता. डाव संपायला तीन फलंदाज बाद व्हावे लागतात, ते तिघंही हात हलवत परत जायचे. बेसबॉलमधलं काही न कळणाऱ्या मलाही ते कळायचं. मोठमोठ्या विद्यापीठांचे लोक बघायला येऊ लागले, फोन करू लागले. मामांनी त्या सगळ्या विद्यापीठांची हवा, पाणी, लोकसंख्या यांचा अभ्यास केला आणि दोन नाकारलीसुद्धा, कारण तिथे बर्फ फार पडतो. मामींचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून एकच होता की, पोरगा जेवतो काय. त्याचं उत्तर त्यांना आजवर समाधानकारक मिळालेलं नाही.

मग एप्रिलच्या शेवटी ओंकार पडद्यावर दिसेनासा झाला. मामा म्हणायचे, विश्रांती देत असतील, घोड्याला पण देतात. दोन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा मला फोन आला. मला, मामांना नाही. ओंकारच्या डाव्या कोपराचा आतला अस्थिबंध तुटला होता. ऑपरेशन झालं होतं. बरा होईलही, पण पहिल्यासारखा टाकेल की नाही हे वर्षभर कळणार नव्हतं. फोन करणारी विद्यापीठं एकेक करून गप्प झाली होती. एका लहानशा चार वर्षांच्या कॉलेजचा कोच तेवढा म्हणाला होता की, ये, शीक, वर्षभर बसून राहा, मग बघू. ओंकार ते घेणार होता, पण आजोबांना सांगायला तयार नव्हता. ते सगळ्या गावाला सांगून बसलेत, असं म्हणून तो रडला होता. वीस वर्षांचा मुलगा. तिने मला विचारलं, तू सांगशील का?

मी संध्याकाळी हरिशंकरपुरमला गेले. मामा अंगणात बसून आंबे निवडत होते, पिकलेले एकीकडे, राहिलेले पुन्हा पेंढ्यात. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर मला सांगता आलं नसतं. त्यांचे हात थांबले. हातातला आंबा त्यांनी पेंढ्यात ठेवला आणि विचारलं, “म्हणजे पुन्हा लाल शर्ट?”

मी हो म्हटलं. मामा उठले, पायांत चपला सरकवल्या, खुंटीवरची पिशवी घेतली. मी विचारलं, कुठे? पेढे घ्यायला, ते म्हणाले. मला वाटलं, धक्क्याने त्यांचं डोकं पुन्हा त्या पोशाखावर गेलं. मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि लहान मुलाला समजावावं तसं म्हणाले की, मामा, अहो, लाल शर्ट म्हणजे तो बसून राहणार आहे, खेळणार नाही, कदाचित कधीच नाही.

ते वळले. चेहऱ्यावरून कळत होतं की, त्यांचं डोकं अगदी जागेवर आहे.

“मला पत्ता आहे काय असतं ते. मागच्या वेळी पत्ता नव्हता, तेव्हा अर्ध्या लष्करला पेढे वाटले. आता तर पत्ता आहे.” मग जरा थांबून म्हणाले, “हात तुटलेला आहे, तरी ठेवून घेतलं त्याला. आमच्या वेळी असं कोणी म्हटलंच नव्हतं, की बसून राहा, मग बघू.”

मी फाटकाशी उभी राहून रडले. सांगायला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही फूलबागेत गेले. मामांनी डबा उघडून बाकावर ठेवला आणि नातू चार वर्षांच्या कॉलेजात गेला असं जाहीर केलं. मग कोपर, ऑपरेशन, वर्षभर बसणं, सगळं त्याच आवाजात सांगितलं, काहीही न गाळता. कोणी हसलं नाही. ज्या शब्दावर ही मंडळी दीड वर्ष हसत होती तो शब्द कोणी उच्चारलासुद्धा नाही. शर्माजींनी पेढा उचलला, कपाळाला लावला आणि खाल्ला. म्हणाले, “भाऊसाहब, ये वाला असली है.”

मामांनी मग फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं आटपली असावीत. ओंकार पडद्यावर आला, गळ्यात पट्टा, पट्ट्यात हात. मामांनी मोबाइल गोल फिरवून त्याला सगळी मंडळी दाखवली, एकेका हातात एकेक पेढा. ओंकार आधी ओशाळला, मग त्याच्या त्या गोल गोल मराठीत म्हणाला, “आजोबा, शर्ट नसतो. तुम्हाला माहितीये ना?”

“माहीत आहे,” मामा म्हणाले. “आम्ही इकडे सगळे तोच घालून बसलो आहोत. तू पण येऊन बस.”

पोरगा हसला. निरोप घेताना त्याने विचारलं, ओके? मामांनी बोट वर केलं नाही, या खेपेला ते नुसते ओके म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. मग किती तरी महिन्यांनी ती सगळी मंडळी उठली आणि बागेला चकरा मारू लागली. मामा सगळ्यांत पुढे होते, डावा हात जरा जास्तच झोकात हलवत. रिकामा डबा त्यांनी मला घरी न्यायला दिला होता, तो घेऊन मी बाकावर त्यांची चक्कर पुरी व्हायची वाट बघत बसले.